मास्तरांचा होकार

नागपूरच्या त्या इस्पितळात, सर्जरीच्या वॉर्डात आता कोणी कण्हत नसे. कालच पोट उघडून शिवलेली माणसं उशीला टेकून पत्ते कुटत, फोनवरून सुनेला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगत. डोळे पुसायच्या तयारीने आलेले नातेवाईक हसत परत जात.

कुमुदिनी खोब्रागडे या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. त्यांनी जुने दिवस पाहिले होते. कण्हण्याच्या सुरावरून कोणाला टाके ओढताहेत आणि कोणाच्या पोटात काही बिघडतंय, हे त्या दारातूनच ओळखायच्या. आता ओळखायला काही उरलंच नव्हतं. वॉर्ड शांत झाला, आणि त्या शांततेची त्यांना कधी सवय झाली नाही.

शांतता आणली होती समतोलकाने. तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र ऑपरेशन संपतानाच गळ्याखालच्या हाडापाशी, कातडीच्या आत बसवत. नाडी धावू लागली की ते तिला आवरी, रक्तदाब घसरला की शिरा आवळून तो सावरी, ताप चढू देत नसे, वेदना मेंदूपर्यंत पोहोचू देत नसे. घाबरलेल्या मनाने शरीर अधिक थकतं, म्हणून ते भीतीही पुसून टाकी. यंत्र खोटं नव्हतं. पूर्वी ऑपरेशननंतरचा ताण न सोसून दगावणारी कितीतरी माणसं आता चालत घरी जात होती. इस्पितळात समतोलक आणणारे डॉक्टर यशोधन परचुरे यांचा कुमुदिनीबाईंना आदरच वाटे. एकच गोष्ट त्यांच्या मनातून जात नसे. नाडी, ताप, वेदना, भीती. बिघाड झाला की शरीर याच चार तोंडांनी ओरडतं, आणि यंत्राने चारही तोंडं बंद केली होती.

दिवाकर टेंभुर्णे यांना आतड्यातल्या गाठीसाठी भंडाऱ्याहून आणलं होतं. लग्नाच्या बँडचे ते मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे, आणि ताल चुकवणाऱ्या ढोलवाल्यावर भर वरातीत चप्पल फेकायचे, अशी त्यांची ख्याती. गाठ काढली, आतड्याची दोन टोकं जोडली, सगळं नीट पार पडलं. चौथ्या दिवशी सकाळी कुमुदिनीबाई त्यांच्या खाटेपाशी आल्या तेव्हा मास्तर उचक्या देत होते.

"कोणीतरी आठवण काढून राहिलं जी," मास्तर हसून म्हणाले. "इंदूच्या माहेरचे असतील. त्यांचे पैसे बुडवलेत मी."

त्यांची बायको इंदुमती स्टुलावर बसली होती. ती हसली नाही. कुमुदिनीबाईंनी मास्तरांच्या पोटावर हात ठेवला. पोट टम्म होतं.

"गॅस पास झाला का?"

"अजून नाही. पण बरं वाटते, सिस्टर. एकदम मस्त."

खाटेशेजारच्या पडद्यावर सगळे आकडे जिथल्या तिथे होते. कुमुदिनीबाई बाहेर आल्या तशी इंदुमती मागोमाग आली.

"बाई, माझ्या हातून सकाळी चहा सांडला. त्यांच्या धोतरावर," ती म्हणाली. "ते म्हणाले, असू दे. लग्नाला एवढी वर्षं झाली, हा माणूस मले असू दे म्हणाला नाही कधी. ऑपरेशननंतर बाकीच्या दिवशीही शांत होते, पण डोळ्यांत राग दिसत होता जी. आज डोळेही रिकामे आहेत."

कुमुदिनीबाईंनी डॉक्टरांना बोलावलं. आतड्याची जोड सुटली असावी, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. परचुरेंनी पोट तपासलं, स्कॅन करवला. स्कॅनमध्ये थोडं पाणी दिसलं, थोडी हवा दिसली. नुकत्याच ऑपरेशन झालेल्या पोटात ती असतेच. रक्ताच्या तपासणीतूनही काही ठरेना, कारण शरीराची सूजही समतोलक दाबून धरत होता.

"एवढ्यावर पुन्हा पोट उघडता येणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि इंदुमतीकडे वळले. "तुम्हाला बँडच्या भाषेत सांगतो. एखाद्या वादकाचं बिघडलं, तर समतोलक बाकीच्यांकडून त्याची बाजू भरून घेतो. ऐकणाऱ्याला गाणं अखंडच वाटतं."

"पण डॉक्टरसाहेब," इंदुमती म्हणाली, "ढोलवाला पडला, हे मास्तराले कळायला नको?"

परचुरेंनी स्कॅनचं चित्र बाजूला ठेवलं. "पाहायचा एकच मार्ग आहे. समतोलक थोडा वेळ बंद करायचा. काही नसेल तर टाक्यांच्या वेदना उगाच भोगाव्या लागतील. बिघाड असेल तर तो पूर्ण जोराने दिसेल. पण त्याला रुग्णाची संमती लागते. कायदाच आहे तसा."

मास्तरांना विचारलं. त्यांनी हसून मान हलवली. "चांगलं चाललं आहे ते कशाला बिघडवता? नको."

दाराशी आल्यावर कुमुदिनीबाई म्हणाल्या, "सर, हा नकार त्यांचा नाही. आतड्याची जोड सुटलेल्या माणसाला जीव जाईल की काय असं वाटायला लागतं. ती भीती यंत्राने काढून घेतली आहे. न घाबरलेला माणूस नाहीच म्हणणार."

"आणि यंत्र बंद केल्यावर ते हो म्हणतील, तर तो होकार वेदनेचा असेल," परचुरे म्हणाले. "सिस्टर, मास्तर स्वतः कधी बोलतील, ते तुम्ही मला सांगा."

संमतीशिवाय यंत्र बंद करता येईल का, हे विचारायला डॉक्टर इस्पितळाच्या कायदा समितीला फोन करायला गेले. कुमुदिनीबाई खाटेपाशी परतल्या. समतोलक बंद करायची चुंबकाची किल्ली त्यांच्या खिशातच असे. त्यांनी इंदुमतीकडे पाहिलं. इंदुमतीने नवऱ्याच्या रिकाम्या, आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं आणि मानेनेच हो म्हटलं. कुमुदिनीबाईंनी किल्ली मास्तरांच्या गळ्याखाली धरली.

आधी पडद्यावरची नाडी उसळली. मग मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला, ओठ निळसर पडले, कपाळावर घाम फुटला. पोट फळीसारखं कडक झालं. आणि कितीतरी दिवसांनी त्या वॉर्डात एक किंकाळी उठली. पत्ते खेळणारे नुसते वळून पाहत राहिले. घाबरायचं कसं, ते त्यांना आठवत नव्हतं.

"चालू कर! चालू कर ते!" मास्तर ओरडत होते. त्यांची नजर बायकोवर गेली. "तू सांगितलं यांना? वैरीण आहेस तू माझी! नाही म्हटलं होतं मी!"

परचुरे धावत आले. आता पुराव्याची गरजच उरली नव्हती. स्ट्रेचर वळत असताना मास्तर "काहीही करा, पण हे थांबवा" म्हणाले, आणि तोच ऑपरेशनसाठी होकार धरला गेला.

जोड खरोखरच सुटली होती. पोटात घाण पसरली होती. परचुरेंनी जमेल तेवढं धुतलं, पण विष रक्तात उतरलेलं होतं. "आधी कळायला हवं होतं," ते बाहेर येऊन एवढंच म्हणाले. कुमुदिनीबाईंना जाब कोणी विचारला नाही, आणि शाबासकीही कोणी दिली नाही. रक्तदाब टिकवायचा तर समतोलक पुन्हा चालू करणं भाग होतं. तो चालू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर शुद्धीवर आले तेव्हा मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. चेहऱ्यावर मात्र हसू होतं.

"इंदू, रडतेस काहून?" ते म्हणाले. "मी रागात बोललो ते मनावर घेऊ नको. तू केलं ते बरोबरच केलं."

इंदुमतीने त्यांचा हात धरला, आणि मग चटका बसल्यासारखा सोडला. ती उठून कुमुदिनीबाईंपाशी आली.

"बाई, हे कोण बोलून राहिलं?"

कुमुदिनीबाईंनी पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं.

"एकदा बंद करा ते. एकदाच. मले त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे, माफ केलं की नाही."

परचुरेंनी हळू आवाजात समजावलं, की यंत्रानेच आता हृदय चालतं आहे. बंद केलं तर पुन्हा चालू करेपर्यंत मास्तर टिकतील याची खात्री नाही, आणि जेवढे टिकतील तेवढे तळमळत टिकतील.

खाटेवरून मास्तरांनी ते सगळं ऐकलं. "कर ना बंद," ते मजेत म्हणाले. "तुले समाधान होत असेल तर कर. माझी काही हरकत नाही."

कायद्याला हवी होती ती संमती मिळाली होती. आदल्या दिवशी जीव वाचवायला जी मिळाली नव्हती, ती आज अशी हसत हसत दिली गेली. परचुरेंनी मान फिरवली. कुमुदिनीबाईंनी खिशातून किल्ली काढली, पण ती मास्तरांच्या गळ्यापाशी नेली नाही. इतकी वर्षं त्या रुग्णाच्या तोंडचा शब्द हीच सगळ्यात मोठी खूण मानत आल्या होत्या. समोरचा माणूस स्पष्ट बोलत होता, आणि त्यातला एकही शब्द धरून ठेवावा असा नव्हता.

इंदुमतीनेच त्यांचा हात खाली केला. "राहू द्या. इतकं दुखणं पुन्हा नको त्यांना."

ती स्टुलावर जाऊन बसली. मास्तर तिच्याशी वरातींच्या गप्पा मारत राहिले. कुठल्या गावात घोडी बुजली, कुठे नवरदेवच नाचून दमला. बोलता बोलता, अर्ध्या वाक्यात ते थांबले. हसू तसंच राहिलं.

संध्याकाळी मास्तरांचा देह न्यायला गाडी आली. नातेवाईक बाहेर एकमेकांना सांगत होते, की मास्तरांसारखं सुखाचं मरण नशिबात असावं लागतं. कुमुदिनीबाई इंदुमतीला दारापर्यंत सोडायला गेल्या. काहीतरी बोलावं म्हणून त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं, बाई. ते खरं धरा."

इंदुमतीने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"ते कोणाचं होतं, तुम्हाले ठाऊक नाही, मलेही नाही," ती म्हणाली. "वैरीण म्हणाले, ते मात्र त्यांचंच होतं जी. मी तेवढंच घरी नेते."