उत्तरेचा डाग

आवरण-कक्षाचं दार हेमांगीच्या मागे बंद झालं. तांब्याच्या जाळीने चहूबाजूंनी मढवलेली ही खोली रेडिओ दुर्बिणीची उपकरणं तपासण्यासाठी होती. बाहेरचा कसलाही रेडिओ-गोंगाट आत शिरत नसे. वेधशाळेतल्या नोकरीत ती इथे असंख्य वेळा आली होती. पण नजर वाचवण्यासाठी डोळ्यांवर दृक्-रोपणाचा उपचार झाल्यानंतर आज पहिल्यांदाच.

"मार्चमध्येच जाणार?" डॉ. यास्मिन मुजावर स्टूल ओढत म्हणाल्या.

"हो. मार्चमध्ये धनेशाची मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते. नर दिवसभर फळं आणून तिला भरवतो. बाबांना तेच बघायचं होतं."

"आणि तेही त्याच जंगलात."

"तुम्ही डोळे ठीक असल्याचा दाखला दिलात तर."

"दाखल्याला काय गं, माझी सही तशीही कोणाला वाचता येत नाही."

हेमांगीला हसू आलं नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार तिला बाबांकडून आला होता. दोघांवर उपचार केले ते मुजावरबाईंनीच. बाबांना नीट दिसू लागलं आणि निवृत्त मास्तर विश्राम तासकर दुर्बीण गळ्यात अडकवून कुमाऊंच्या पायथ्याच्या जंगलात गेले. तिथल्या पायवाटेवरून ते दरीत कोसळले, त्याला आता नऊ महिने होत आले होते. उपचाराचा परिणाम उतरला असणार, असं सगळे म्हणाले. म्हणजे आज ना उद्या तिचाही उतरणार. रोज सकाळी डोळे उघडायचीच तिला धास्ती वाटे.

डॉक्टरांनी नळीचे दिवे घालवून बॅटरीवरचा साधा तारेचा बल्ब लावला.

"आलं," हेमांगी पुटपुटली.

"काय आलं?"

"काळं. समोर, जरा खालच्या अंगाला. ताटाएवढं." तिने टेबलाची कड घट्ट धरली. आजार सुरू झाला तेव्हाही अगदी असंच दिसलं होतं.

"मान फिरव."

"नको."

"हेमांगी, मान फिरव म्हणते ना!"

तिने दाराकडे तोंड केलं. दार स्वच्छ दिसलं. काळं तिच्याबरोबर आलंच नव्हतं. ते मागे भिंतीपाशीच राहिलं होतं.

"डोळ्यातला डाग डोळ्याबरोबर फिरतो," डॉक्टर म्हणाल्या. "ती भिंत कुठल्या दिशेची?"

"उत्तरेची." हेमांगी वळून बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. तुमच्या पेशी वाचवायला मी जे प्रथिन घातलं, ते वटवट्याच्या डोळ्यातलं. हा एवढासा पक्षी हिमालय ओलांडून येतो तो त्याच्याच जोरावर. पृथ्वीच्या चुंबकीय रेषेच्या दिशेने पाहिलं की हे प्रथिन मंद पडतं आणि तिथे सावली दिसते. दिक्-छाया म्हण. पण उपचार करताना माणसाला ती दिसेल, असं डोक्यातच आलं नाही."

"मग मला एरवी का नाही दिसत?"

"ते तू सांग. रेडिओवाली तू आहेस."

हेमांगीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "गोंगाट. चार्जर, दिवे, फोन, सगळ्यांतून रेडिओलहरी गळतात. तेवढ्यानेही प्रथिनाचं होकायंत्र बिघडत असेल. शहरात ते चालणारच नाही."

"आणि जंगलात?"

"जंगलात चालेल." ती थांबली. "शिवाय चुंबकीय रेषा तिकडे उत्तरेत जमिनीकडे जास्त कलतात. सावली अजून खाली उतरेल. उत्तरेकडे चालणाऱ्याच्या पायांपुढे."

बाबांना झाडावरचा धनेश दिसला असेल आणि पायाखालची वाट दिसली नसेल. डॉक्टरांनी मान खाली घातली.

हेमांगीने पिशवीतून फोन काढून सुरू केला. खोलीत रेंज नव्हती. फोन नुसता शोधत राहिला. तिने तो कानशिलाशी धरला आणि भिंतीकडे पाहिलं. सावली विरघळली. भिंतीवरचा एकेक खिळा मोजता येईल इतकी भिंत उजळली.

तिने फोन खाली घेतला, पुन्हा कानाशी धरला.

"काय झालं गं?"

"बाबांचा शेवटचा फोन. घाबरले होते. म्हणाले, मघापासून पायाखालचं काही दिसेना. मी बोलत राहिले आणि मग म्हणाले, थांब, आता दिसतंय गं, अगदी लख्ख दिसतंय. बॅटरी संपत आलीय, बंद करतो." तिने फोन गालाशी दाबून धरला. "मला वाटलं, माझी समजूत घालायला खोटं बोलले. इतके महिने तेच धरून बसले मी. खरंच दिसत होतं त्यांना. फोन कानाशी होता तोवर."

मुजावरबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"म्हणजे त्यांचा उपचार उतरला नव्हता," त्या अखेर म्हणाल्या. "आणि तुझाही नाही. फोन सुरू ठेव, खुशाल जा. आता सगळं स्वच्छ दिसतंय ना?"

हेमांगीने भिंतीवरून नजर फिरवली, मग छताकडे, मग दाराकडे.

"डॉक्टर, एक राहिलंय."

"काय?"

"डाव्या कोपऱ्यात, खाली. नखाएवढं." तिने मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. "हे माझ्याबरोबर फिरतंय."

डॉक्टरांनी तिच्या हातातला फोन घेऊन बंद केला, पुन्हा सुरू केला, तिच्या दुसऱ्या कानाशी धरला. "आता?"

"आहे."

गोंगाटाने पुसलं जातं ते उत्तरेचं. जे पुसलं जात नाही आणि डोळ्याबरोबर फिरतं, ते आजाराचं.

"मार्चपर्यंत ढोली दिसेल मला?"

मुजावरबाईंनी पर्समधून दाखल्याचं पॅड काढलं. पेनचं टोपण त्यांना पटकन निघेना. "आत्ता कुठे डिसेंबर लागतोय," त्या कागदाकडे बघत म्हणाल्या. "धनेश आत्ताही असतीलच की तिथे. ढोलीत नसतील, उडताना दिसतील. तू याच आठवड्यात नीघ. मीही येते. वाटेवर मी पुढे चालेन."

"या."

हेमांगीने त्यांच्या हातून फोन घेतला आणि बंद केला. सावली परत आली. उत्तरेकडे तोंड करून तिने नजर जराशी उजवीकडे वर उचलली, तसं कोपऱ्यातलं ते नखाएवढं काळं त्या मोठ्या काळ्यात शिरलं. त्यातलं कुठलं तिचं आणि कुठलं पृथ्वीचं, ते आता कळत नव्हतं.

"दार उघडू?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडं थांबा," हेमांगी म्हणाली. मान हलू नये म्हणून तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.