‘खटका’ची दुसरी बाजू

विशाखानं त्याला आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

गळिताचे दिवस होते. देवळाली प्रवरेच्या चौकातून उसाच्या गाड्या करकरत जात होत्या आणि हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरून राहिला होता. आपल्या एसटीडी बूथमध्ये विशाखा चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती. आत काचेच्या केबिनमध्ये कुणीतरी मुंबईच्या दुकानदाराशी टीव्हीच्या एका सुट्या भागासाठी हुज्जत घालत होतं. केबिनचं दार नीट लागत नसे, त्यामुळे गावातली निम्मी गुपितं विशाखाच्या कानावरून जात आणि ती त्यांना तिथंच सोडून देत असे. हा आवाज मात्र तिला सोडवेना. खालच्या पट्टीतला, सावकाश, भांडतानाही मऊ… हा आवाज आपण घरात ऐकलाय, आणि एकदा नव्हे!

तो बाहेर आला. सडसडीत अंगाचा, स्वेटरच्या बाहीला सोल्डरचा डाग देताना पडलेलं एक भोक.

“तुम्ही ‘खटका’वाले ना?” तिनं विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. “ऐकता तुम्ही?”

“ऐकायचा प्रयत्न करते.”

आता हे ‘खटका’ प्रकरण काय, ते सांगायला हवं. सुगत साळवेचं श्रीरामपूरला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि अंगात एक हौस होती. दर महिन्याला तो घरच्या घरी ‘खटका’ नावाची एक कॅसेट भरायचा. स्टॅबिलायझर कसा निवडावा, डिशची छत्री कुठं तोंड करून बसवावी, कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे, असल्या गोष्टी तो त्यात गप्पा मारल्यासारख्या सांगे. लोक कोरी कॅसेट आणून देत, तो तीत अंक उतरवून देई. त्यानं एक रीतही पाडली होती. पहिल्या बाजूला तो बोलणार आणि दुसऱ्या बाजूला ऐकणाऱ्यानं आपलं नाव-गाव सांगून अभिप्राय बोलायचा. त्यातला एखादा निवडून पुढच्या अंकाच्या दुसऱ्या बाजूला आधी तो वाजे, मग कोरी फीत. विशाखाचे वडील भाऊसाहेब, म्हणजे घरातले अण्णा, साखर कारखान्यातले फिटर, पहिल्या अंकापासून त्याचे भक्त होते.

“प्रयत्न करते म्हणजे?” सुगतनं विचारलं.

“म्हणजे माहिती चांगली असते हो. पण मागं सारखा भुंगा घोंगावतो. मग कुकरची शिट्टी. मागच्या अंकात तर ऐन स्टॅबिलायझरच्या मधे तुमच्या आई म्हणाल्या, ‘दळण आणलंस का रे?’ आणलं होतं का?”

“…विसरलो होतो.”

“तेच! घरात आम्ही सगळे त्याच काळजीत. स्टॅबिलायझर राहिला बाजूला.”

सुगतला हसावं की रागवावं ते कळेना. “बाकीचे श्रोते तर म्हणतात, आवाज एक नंबर हाय.”

“त्यांचे टीव्ही तुमच्याकडं दुरुस्तीला असतात. माझा नाही.”

“मग हेच दुसऱ्या बाजूला बोला की. तोंडावर बोलणं सोपं असतं.”

“उलट,” विशाखा म्हणाली, “टेपवर सोपं, तोंडावर अवघड. मी अवघड होतं ते आधी उरकलं.”

तो जाताना दारात उगाचच थांबला, बाहीवरचं भोक हातानं झाकून घेतलं, आणि गेला. विशाखानं चहाचा घोट घेतला. तो केव्हाच गार झाला होता, पण तिला गोड लागला.

त्या रविवारी तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं, जुना टेप ओट्यावर ठेवला आणि बोलायला लागली. “मी विशाखा पगारे, देवळाली प्रवरा. तुमच्या टेपची वायर टीव्हीजवळून जात असणार, ती लांब घ्या म्हणजे भुंगा जाईल. माइक तोंडाला लावू नका, ‘प’ म्हटलं की फटाका फुटतो. मागं भिंतीवर एखादी गोधडी टांगा, म्हणजे विहिरीतनं बोलल्यासारखं वाटणार नाही…”

वहिनी भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. बोलणं संपलं तशी म्हणाली, “सगळी नावंच ठिवलीस गं. एक तरी चांगलं सांग की.”

“चांगलं? आवाज हाय की! खरं सांगू का वहिनी, त्या आवाजानं नुसतं विजेचं बिल वाचून दाखवलं ना, तरी मी फीत मागं नेऊन परत ऐकीन. असला आवाज घरात असला तर जन्मात रेडिओ लावायची गरज न्हाई.”

“अगं बाई. मग सांगू का अण्णांना, स्थळ बघितलंय म्हणून?”

“सांग की!”

दोघी खळखळून हसल्या. त्या जुन्या टेपला लाल दिवा नव्हता आणि गप्पांच्या नादात टेप बंद करायचं बटण दाबायचं राहून गेलं होतं. तेवढ्यात कारखान्याची जीप श्रीरामपूरला निघाली म्हणून अण्णा लगबगीनं आत आले, त्यांनी खटकन टेप बंद केला आणि कॅसेट खिशात टाकून चालते झाले.

सुगतनं ती लावली. भुंगा, फटाका, विहीर… ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. पण गडी मनाचा सरळ. खरं ते खरं, म्हणाला. हाच अभिप्राय द्यायचा. गोधडीपर्यंत आला आणि एक गिऱ्हाईक डोक्यावर टीव्ही घेऊन दारात उभं राहिलं. सुगतनं पुढचं न ऐकताच ती अंकात उतरवायला लावून दिली. त्याच्या यंत्रात कॅसेटी भरभर उतरत, आणि तेव्हा माणसांचा आवाज चिमण्यांच्या भांडणासारखा येई. ते कुणी कान देऊन ऐकत नसे. त्यानंही ऐकलं नाही.

नवा अंक आला त्या संध्याकाळी अण्णांनी शेजारच्या लंकाबाईंनाही बोलावून घेतलं. “आमच्या विशाखाचा अभिप्राय घेतलाय,” त्यांची छाती फुगली होती. आधी भुंग्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वहिनीचा आवाज आला, मग विजेचं बिल आलं, मग स्थळ आलं. वहिनी पाणी आणायला म्हणून आत गेली ती परत आलीच नाही. लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. विशाखाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अण्णा दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आले तेव्हा बोलले. “तीस वरीस नोकरी झाली माझी. आज समदे इचारत्यात, जावायाचा रेडिओ कवा आनताय?” मग खाली बघत म्हणाले, “त्या पोराला सांग, पुढल्या अंकात खुलासा कर. गंमत हुती, आवाज दुसऱ्याच पोरीचा हुता, काय बी सांग म्हनावं. रविवारपातुर त्यो खुलासा मला ऐकवायचा. न्हाईतर बूथ दुसऱ्याला चालवाया देऊ.”

विशाखाचा जीव चरकला. बी.ए. झाल्यावर बूथ तिनं उभा केला होता. लग्न ठरेपर्यंतचा विरंगुळा म्हणून नव्हे. त्या खुर्चीवर ती स्वतःची होती.

दोन दिवसांनी सुगत आला. हातात पिशवी, पिशवीत परत आलेल्या कॅसेटी, आणि चेहरा असा की कुणीही दया करावी.

“चूक माझी,” तो म्हणाला. “मी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.”

“आता ऐकलंत?”

“…हो.”

“किती वेळा?”

तो चपलेकडं बघत राहिला. “फीत ढिली झाली.”

विशाखानं हसू दाबलं. “आणि ह्या कॅसेटी?”

“अभिप्राय. भुंग्याबद्दल एक शब्द नाही कुणाचा. नेवाशाचे एक गुरुजी म्हणतात, आवाज सुधारेल तेव्हा सुधारेल, आधी मुलीला उत्तर द्या. राहुरीच्या कडूबाई म्हणतात, ‘पोरीचा कान चांगला हाय, असली बायकू घरात असली म्हंजी दळान इसरायचा न्हाईस.’”

आता मात्र ती हसली. हसता हसता डोळे भरून आले, म्हणून तिनं मान फिरवली. मग अण्णांची अट त्याला सांगितली. तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसला.

“करतो खुलासा,” शेवटी म्हणाला. “तुमचं नाव खराब व्हायला नको. बूथ जायला नको. पण कॉपी काढायच्या आधी तुम्ही ऐका. या वेळी शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय एकही कॅसेट बाहेर जाणार नाही.”

रविवारी तो छोटा टेप आणि माइक घेऊन आला. अण्णा धुतलेला सदरा घालून बाकावर बसले होते. “आदी तू ऐक,” ते विशाखाला म्हणाले. “मंग मी.”

केबिनमध्ये जेमतेम एक माणूस मावे. ती आत बसली, तो दारात उभा राहिला. तिनं बटण दाबलं.

“नमस्कार. मागच्या अंकातला शेवटचा संवाद ही केवळ थट्टा होती. त्यातला आवाज विशाखा पगारे यांचा नव्हता. आमच्या हातून चुकून दुसरीच फीत जोडली गेली…”

भुंगा नव्हता, शिट्टी नव्हती. एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. इतकं सुरेख काम त्यानं आजवर केलं नव्हतं. आणि विशाखाला आत कुठंतरी एवढं दुखलं की तिचं तिलाच नवल वाटलं. हे लोक ऐकतील, अण्णांची मान वर होईल, बूथ राहील… आणि ती जे बोलली होती ते कधी कुणी बोललंच नव्हतं, असं होईल.

“कसं झालंय?” त्यानं हळूच विचारलं.

“आवाज फार चांगला झालाय,” ती म्हणाली. “पण खोटं आहे हो. सगळंच खोटं.”

सुगत तिच्याकडं बघत राहिला. “बूथचं काय?”

“ते मी बघते. तुम्ही सरका जरा.”

तिनं केबिनचं दार सताड उघडलं. फीत मागं नेली, माइक हातात घेतला आणि त्याच्या खुलाशावरच भरायचं बटण दाबलं. उसाची एक गाडी करकरत समोरून गेली, ती जाईस्तोवरही विशाखा थांबली नाही.

“मी विशाखा पगारे, देवळाली प्रवरा. मागच्या अंकातला आवाज माझाच होता. बोलले ते हसत बोलले, पण खरं बोलले. यात लाजेचं मला काही वाटत नाही. कुणाला वाटत असेल तर त्यांनी दुसऱ्या बाजूला बोलावं.”

मग तिनं माइक सुगतपुढं धरला. “आता तुमचा अभिप्राय.”

महिन्याला तासभर न अडखळता बोलणारा तो गडी… त्याच्या तोंडून शब्द फुटेना. फीत फिरत राहिली. अण्णा बाकावरून उठून केबिनपाशी येऊन उभे राहिले होते.

“मला… म्हणजे…” तो अडखळला. “त्या दिवशी मुंबईला फोन नव्हता करायचा मला. भाग श्रीरामपुरातच मिळत होता. बूथवरच्या मुलीला अंक आवडत नाही, असं कारखान्याच्या जीपवाल्यानं सांगितलं होतं, म्हणून बघायला आलो होतो. तेव्हापासून जे भरतो ते एकाच माणसाला आवडावं म्हणून भरतो. मला विशाखा पसंत आहे… तिला मी असलो तर.”

अण्णांनी घसा खाकरला, टेपकडं बघितलं, मग लेकीकडं. तिनं नजर खाली घेतली नाही. त्यांच्या कपाळावरची आठी जरा वेळ तशीच राहिली आणि मग हळूहळू सैल झाली.

“बूथ ती सोडनार न्हाई, लगीन झाल्याव बी,” ते सुगतला म्हणाले. “जमतंय का?”

“जमतंय, काका.”

“मंग तुझ्या वडलांना सवड कवा असती, ते सांग. आन् हे आता बंद करा, समदी फीत संपंल.”

विशाखानं बटण दाबलं. या वेळी नीट बघून.