मुन्योचे जोडलेले हात

दोष माझ्या सासऱ्याचा. मुन्योचा. राजाला शिव्या नंतर द्या, आधी त्या म्हाताऱ्याला द्या. आणि मला मध्ये तोडू नका. शेकोटीत दोन ओंडके टाका, ऐका.

नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणाची आदली रात्र. गावात डुकरं कापून झाली होती. लिऑनच्या राजाने आमच्या काउंट गुतिएरची काउंटकी, म्हणजे सगळी जहागीर, काढून पेलायो नावाच्या आपल्या लाडक्याला दिली. मुन्यो गुतिएरचा किल्लेदार. त्याला राजाचा निरोप आला : गुतिएरला संपव, आणि सूर्य उगवायच्या आत पेलायोपुढे गुडघे टेक. किल्ला तुझाच राहील. नाहीतर फास.

रीत तुम्हाला ठाऊक आहे. धन्याचा माणूस होताना आपण जोडलेले हात त्याच्या हातांत देतो. धनी बदलायचा तर आधी जुन्याला तोंडावर सांगायचं, ‘आजपासून मी तुझा माणूस नाही.’ मग तो हात सोडतो. दोन श्वासांचं काम.

“मामा, त्याला आधी सांगा तरी,” मी म्हणालो.

“झोपलेल्याला उठवून सांगू, की बाबा ऊठ, तुला मारायला आलोय? जावईबापू, अक्कल आईकडेच ठेवून आलात वाटतं!”

वीस वर्षं गुतिएरच्या ताटात जेवलेला हा माणूस. आधी उशी दाबली. गुतिएर जागा झाला, झटापट झाली. मग खंजीर. गळ्यात. पुन्हा गळ्यात. रक्त तुळईपर्यंत उडालं. दिवा मी धरला होता... हो, मीच.

मरताना गुतिएर दोन्ही हात पुढे करून चाचपडत होता. मला वाटलं, जिवाची भीक मागतोय. नाही. तो मुन्योचे हात शोधत होता.

मध्यरात्रीची घंटा झाली तेव्हा आम्ही घोड्यांवर होतो. पेलायोचा वाडा दहा कोसांवर. नदी ओलांडली आणि मुन्योचा लगाम सुटला.

“मामा, लगाम!”

मी वळून पाहिलं. दोन्ही हात छातीशी जोडलेले.

“आता कसली प्रार्थना करताय?”

“मी करत नाहीये.”

थोडं अंतर गेलं.

“गार आहेत,” तो म्हणाला.

“थंडी आहे. हात गार पडणारच.”

“माझे नाहीत...”

मी ओढून पाहिले. हलले नाहीत. त्याच्या घोड्याचा लगाम मी धरला. 

पोचलो तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. मुन्यो गुडघ्यांवर बसला. पेलायो हसला. “वा! म्हातारा वाटेतच हात जोडून आला!” सगळा दरबार हसला.

पेलायोने आपले हात त्या हातांवर ठेवले.

हसू थांबलं. त्याने हात मागे घेतले.

“इथे आधीच कोणीतरी धरलंय,” तो हळू म्हणाला. मग ओरडला, “जुन्या धन्याला घेऊन माझ्यापुढे येतोस? उघडा याचे हात!”

चौघे भिडले. खांदा निखळल्याचा आवाज आला. हात उघडले नाहीत.

“गुतिएर...” मुन्यो रडत होता. “आजपासून मी तुझा माणूस नाही. सोड.”

त्याने जोडलेले हात फरशीवर आपटले.

“सोड ना...”

कोणी सोडलं नाही.

“फास आणा,” पेलायो म्हणाला.

खिडकीत उजेड चढत होता. मी पुढे झालो. “हात नसले तर हा कोणाचाच माणूस नाही. मग बंडखोर कसा?” पेलायोने होकाराची मान डोलावली. कुऱ्हाड मीच घेतली. पहिला घाव हाडात अडकला. दुसरा... तिसरा.

हात फरशीवर पडले. तरीही जोडलेलेच. कातडीवर बाहेरून बोटं रुतल्याचे खळगे होते. आम्ही बघत होतो, आणि ते खळगे आणखी खोल गेले.

मुन्यो नऊ वर्षं जगला. किल्ला गेला, दोन्ही हात गेले, आणि मरेपर्यंत त्याला घास माझ्या बायकोने भरवला.