सहाशे अठरा नंबरची वाटी

भर दुपारी आक्काताई चौगुल्यांच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लागला, तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांना हसू फुटलं. आक्काताई तेवढ्या हसल्या नाहीत.

"शिंक आली तर काय करू ओ बाई?" त्यांनी नाकातून विचारलं.

"वाटी खाली ठेवा आणि शिंका," शर्वाणी देशमाने म्हणाली. "पण वास घ्यायचा नाही. वाटीत काय आहे ते भरवणाऱ्याला कळलं, की चाचणी फुकट."

मिरजेच्या त्या उपचार केंद्रात शर्वाणी अन्नसंशोधक होती. पक्षाघातानंतर ज्यांना साधा घास गिळता येत नाही, त्यांच्यासाठी दाट, मऊ, घशात न अडकणारं अन्न तयार करायचं हे तिचं काम. ते बनवणारं यंत्र हवी ती चव हुबेहूब उतरवून देई. पण कुणाला कुठली चव हवी हे कळणार कसं? निम्म्याअधिक रुग्णांची वाचाच गेली होती.

पहिल्या फेरीत शर्वाणी चांगलीच तोंडघशी पडली होती. वाटी रिकामी झाली म्हणजे पदार्थ आवडला, असा तिचा सरळ हिशेब. दुपारी घरची माणसं भरवायला येत, म्हणून तिनं तीच वेळ धरली. चोवीस रुग्ण, सहा पदार्थ, आणि सगळ्या वाट्या चाटूनपुसून लख्ख! बाई हरखल्या, अहवालही लिहायला बसल्या. मग कुठेतरी शंका आली म्हणून तिनं एक दिवस मुद्दाम बिनमिठाची, बेचव पेज ठेवली. तीही संपली. पानात टाकायचं नाही, त्यातून घरच्या माणसानं भरवलेलं तर नाहीच नाही, या शिकवणीत ही पिढी वाढलेली. बाईंनी आवड म्हणून मोजली होती ती रीत होती.

म्हणून आता रसपट्टी आली होती. नखाएवढी पारदर्शक पट्टी टाळूला चिकटवायची. घास तोंडात गेला की ती लाळेतले बदल आणि मज्जातंतूंची स्पंदनं टिपी आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा पडद्यावर पाठवी. या आकड्याला केंद्रात 'आवडांक' म्हणत. पट्टीला भीडभाड नव्हती.

आक्काताईंचे यजमान बळवंतराव एसटीचे निवृत्त कंडक्टर. चार महिन्यांपूर्वी त्यांची वाचा गेली आणि आता काहीही विचारलं तरी ते फक्त मान डोलवत. सकाळ-संध्याकाळ मदतनीस भरवायला आले की ओठ घट्ट मिटून घेत. नऊ किलो वजन उतरलं होतं. सोमवारपर्यंत खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"नळीबिळी काय लागत न्हाई," आक्काताई म्हणाल्या होत्या. "तिन्ही वेळेला माझं पिठलं द्या. एक्केचाळीस वर्षं खाल्लंय मालकांनी, एक दिवस नको म्हटलं न्हाईत." लसूण-मिरचीचं माप त्यांनी स्वतः यंत्रापाशी उभं राहून सांगितलं होतं.

शर्वाणीनं त्या पिठल्याच्या तुलनेला भोपळ्याची खीर ठेवली. दोन्ही वाट्या पिवळ्या, दोन्ही कोमट, दोन्ही सारख्याच दाट. वाट्यांवर नुसते आकडे: सहाशे अठरा आणि तीनशे पाच. यावेळी तिनं भरवणारे हातही दोन धरले. एक आक्काताईंचा, दुसरा मदतनीस इरफानचा. प्रत्येक वाटी प्रत्येक हातून तीनदा, क्रम चिठ्ठ्या टाकून. चिमटा इरफानलाही होताच.

शनिवारी तक्ता पुरा झाला. तीनशे पाच, म्हणजे खीर, दोन्ही हातांनी संपली होती आणि आवडांक ऐंशीच्या वर. सहाशे अठरा, म्हणजे पिठलं, इरफानच्या हातून दोन चमचे, पुढे ओठ बंद. आक्काताईंच्या हातून मात्र तीच वाटी तिन्ही वेळा लख्ख. आवडांक? एकोणीस. दोन्ही हातांनी एकोणीसच. शर्वाणीनं पट्टी बदलून पाहिली, तरी आकडा हलेना.

खीर जास्त आवडली, एवढंच सांगून निभलं असतं. पण आक्काताई समोर येऊन बसल्या होत्या.

"आन् पिठल्याला किती मार्क?"

खोटं बोलायला शर्वाणीची जीभ रेटेना. "एकोणीस, आक्काताई. शंभरपैकी."

आक्काताई उठल्या आणि खाटेजवळ गेल्या. "आवडत न्हवतं व्हय ओ?"

बळवंतरावांनी मान डोलवली. पण ते तर सगळ्यालाच डोलवत. मग त्यांनी बरा असलेला हात उचलून बायकोच्या मनगटावर ठेवला. आक्काताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं आधी नवऱ्याचं तोंड पुसलं, मग आपलं.

"इरफान, तिन्ही वेळेला भोपळ्याचं दे बाबा," त्या म्हणाल्या. "नळी टळली म्हंजे झालं. माझ्या पिठल्याचं काय एवढं."

इरफाननं खिरीची वाटी आणली. बळवंतरावांनी त्याच्या हातून पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्यालाही तोंड उघडलं. आक्काताई बघत राहिल्या. मग शर्वाणीकडे वळल्या.

"बाई, आवडत न्हवतं तर माझ्या हातचं संपवलं कशापायी? तेला तुमच्या कागदावर किती मार्क?"

शर्वाणीनं तक्ता उलगडला. पदार्थ, हात, वाटी, आवडांक असे चार रकाने भरलेले होते. तिनं फूटपट्टी घेऊन शेजारी पाचवा आखला. पेन रकान्याच्या माथ्यावर टेकलं आणि तिथंच थांबलं. या रकान्याला नाव काय द्यायचं, आणि त्यात मोजायचं तरी काय?