घाफच्या फांद्या कोण तोडतं?

"यल्ला, यल्ला! चला लवकर, ऊन तापायच्या आत पोचायचंय!"

गिरिजाताईने हॉर्न असा काही दाबून धरला, की दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या त्या टॉवरखालची सगळी कबुतरं भुर्रकन उडाली. ईरा एका पायात बूट, एक बूट हातात अशी लंगडत धावत आली. तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ शौर्य, एका हातात थालीपीठ आणि दुसऱ्या हातात दुर्बीण घेऊन. सुमैय्या तर केव्हाच पुढची सीट बळकावून बसली होती. ती ईराच्या वर्गातली, वरच्या मजल्यावर राहणारी. घरचे मूळ रत्नागिरीकडचे.

"काय गो, महाराणी उठल्या का?" सुमैय्याने ईराला टोमणा मारला.

"आय वॉज रेडी! या शौर्यला तिसरं थालीपीठ हवं होतं!"

"जंगलात जाताना पोट भरलेलं हवं," शौर्य भरल्या तोंडाने म्हणाला.

ऑक्टोबरच्या सुटीचा पहिला शनिवार होता. गिरिजाताई म्हणजे ईराच्या मोठ्या काकांची मुलगी. नुकतीच पदवी घेतलेली, उन्हाने रापलेली, नखांत कायम माती. वाळवंटात घाफची जुनी झाडं राखून ठेवलेली एक जागा होती आणि तिथे ती सहा महिन्यांच्या बोलीवर काम करत होती. आज पहिल्यांदाच ती पोरांना तिथे नेत होती.

"ताई, असं काम मिळतं तरी कसं?" ईराने विचारलं. हा प्रश्न तिच्या मनात कितीतरी दिवस होता. वर्गात सगळे डॉक्टर, पायलट म्हणायचे. तिलाही काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याचं नाव सापडत नव्हतं.

"मला तरी कुठे ठाऊक होतं! शाळेतून खारफुटी लावायला नेलं होतं एकदा. गुडघाभर चिखल. बाकीच्या मुली ओरडत होत्या आणि मला तिथून निघवेना. मग बायोलॉजी घेतली. सुट्ट्यांत फुकट कामं केली. इथे आल्यावर पहिले दोन महिने नुसत्या रोपांच्या पिशव्या भरल्या." ताई हसली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "आता राहते की जाते, बघू."

"जाते म्हणजे?"

"माझ्या भागातल्या झाडांच्या फांद्या जातायत, ईरा. गणपतीपासून. परवा सोमवारी तपासणी आहे. आमचे सालेमसाहेब म्हणाले, तुझ्या भागाची राखण तुला जमत नसेल, तर तुला कायम कसं करू? आणि बाबा तर टपलेलेच आहेत."

काकांचं म्हणणं घरात सगळ्यांना पाठ होतं. मुरलीधरकाकांचा अल क्वोजला पोहे-पापड-मसाल्यांचा मोठा व्यापार. "वाळवंटात फॉरेस्ट्री! म्हणजे समुद्रात ट्रॅक्टर!" असं ते चारचौघांत म्हणत आणि स्वतःच खोखो हसत. सहा महिन्यांत कायम झाली नाही, तर गिरिजाने मुकाट्याने गोदामाच्या ऑफिसात बसायचं, असं बापलेकीत ठरलं होतं.

डांबरी रस्ता संपला, आणि समोर झाडं आली.

ईराला वाटलं होतं, वाळवंटातली झाडं म्हणजे खुरटी झुडपं असतील. ही तर केवढाली होती! वाकड्यातिकड्या बुंध्यांची, खाली ओघळलेल्या फांद्यांची. सर्वात म्हाताऱ्या झाडाच्या फांद्या तर चहूकडून वाळूला टेकल्या होत्या. आत शिरलं की हिरवा तंबूच!

"पाऊस नाही, पाणी नाही, मग ही जगतात कशी?" सुमैय्याने विचारलं.

"मुळं पार खोल जातात, पाणी लागेपर्यंत. इथल्या लोकांचा फार जीव या झाडावर. विनापरवानगी फांदी तोडणं हा गुन्हा आहे." ताईने एक फांदी वर उचलून दाखवली. शेंडा गायब होता.

"उंट!" शौर्य ओरडला. "आय न्यू इट! मागे उंटांचा फार्म आहे, मी दुर्बिणीतून पाहिलाय."

"उंट ओरबाडून खातो रे. सालं लोंबतात. हे बघ, सुरीने लोणी कापल्यासारखं कापलंय."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत लांब गेली. पोरांना तेवढंच हवं होतं! तिघांनी बुंध्याभोवती रांगत शोध सुरू केला.

"रक्त!" शौर्य किंचाळला. "ब्लड! झाडावर रक्त आहे!"

ईरा धावली. बुंध्याच्या खाचेत लाल ठिपका होता आणि शेजारी पिवळा. तिने बोटाने टिपून नाकाशी नेलं. "वेड्या, हळदकुंकू आहे हे!"

"आणि या मुंग्या बघ," सुमैय्या म्हणाली. मुंग्यांची एक रांग बुंध्यापासून निघाली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात तांदळाचा लाल दाणा. "लाल भात कोण खातं?"

"भात नाही, अक्षता!" ईरा मटकन खाली बसली. "म्हणजे चोराने आधी पूजा केली आणि मग फांद्या तोडल्या?"

"सभ्य चोर आहे," शौर्य म्हणाला.

ताई परत आली, तिलाही ते दाखवलं. तिने कपाळावर हात मारला. "म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी? आता सालेमसाहेबांना कुठल्या तोंडाने सांगू! आणि नेमकं रविवारी होतं हे, माझ्या सुटीच्या दिवशी. पुढच्या फाटकावर पाटी आहे, पण मागच्या बाजूचं कुंपण अजून व्हायचंय. तिकडूनच येत असणार."

घरी पोचेपर्यंत ईराच्या डोक्यात एकच विचार घुमत होता. पूजा करायची, तर झाड तोडायचं कशाला?

उत्तर तिला फ्रिजमध्ये सापडलं.

थंड पाणी काढायला तिने दार उघडलं, तर भाजीच्या खणात ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी. आतून बारीक बारीक हिरवी पानं डोकावत होती, थेट सकाळी पाहिलेल्या घाफसारखी. काटेसुद्धा तसेच!

"आई! हे काय आहे?"

"शमी गं. मंगळवारी दसरा नाही का! हात लावू नकोस, काटे लागतील." आई, म्हणजे प्रमोदिनी, झेंडूच्या माळा ओवत होती. "आपट्याची पानं पुण्याहून येईपर्यंत वाळून कुरकुरीत होतात. पण शमी कशी ताजी! पूर्वी आपल्या मराठी मंडळात कुणाला बघायलाही मिळायची नाही. आता गणपतीपासून सगळ्यांना घरपोच."

ईराचा आवाज बारीक झाला. "कोण आणतं?"

"कोण म्हणजे? मुरलीधरभाऊजी! त्यांना वाळवंटात कुठेशी झाडं सापडलीत. आधी पूजा करून झाडाची परवानगी मागतात, मगच तोडतात. उद्या मोठी खेप आणणारेत. यंदा मंडळाच्या प्रत्येक घराला डहाळी द्यायची म्हणतात."

घाफ म्हणजेच शमी! आणि चोर म्हणजे मोठे काका! गिरिजाताईचेच बाबा!

जिन्यात तिघांची तातडीची सभा भरली.

"सांगून टाक ताईला," सुमैय्या म्हणाली.

"कसं सांगू? सांगितलं तर तिने बाबांना धरून द्यायचं. नाही सांगितलं तर तिची नोकरी जाणार!"

"मग काकांना सांग."

"काका ऐकतील का? 'पोरांनो, तुम्हाला काय कळतं' म्हणतील आणि दुसऱ्या झाडावर कात्री चालवतील. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायला हवं." ईरा बोलता बोलता थांबली. तिचे डोळे चमकले. "काका पूजा करतात ना? झाडाची परवानगी मागतात ना? मग झाडाने बोलायचं!"

सुमैय्या एवढ्याने हसली, की वरच्या मजल्यावरून तिच्या अम्मीने हाक मारली.

बेत ठरला. ईराने काकांना फोन लावून मधासारख्या आवाजात विचारलं, "मोठे काका, उद्या शमी आणायला आम्हालाही न्याल?" काकांना कोण आनंद! "वा वा! याला म्हणतात संस्कार! नाहीतर आमची गिरिजा!" मग गिरिजाताईला निरोप गेला: उद्या सकाळी चोर येणार आहे, तू सुमैय्याला घेऊन म्हाताऱ्या झाडाच्या आत लपून बस. "चोर कोण?" ताईने तीनतीनदा विचारलं. ईराच्याने ते नाव उच्चारवलं नाही.

रविवारी कोवळ्या उन्हात काकांची पिकअप मागच्या कच्च्या रस्त्याने हिंदकळत निघाली. चालवत होता रोशन, काकांचा जुना ड्रायव्हर. काका कडक इस्त्रीच्या झब्ब्यात, मांडीवर पूजेचं ताट.

"काका," ईराने हळूच विचारलं, "परवानगी मागितल्यावर झाड कधी नाही म्हणालं तर?"

"अगं, झाडं कधी नाही म्हणतात का?" काका मनापासून हसले. "म्हणून तर निर्धास्त मागायची!"

गाडी थेट म्हाताऱ्या झाडापाशी थांबली. काकांनी चपला काढल्या, बुंध्याच्या दिशेने फांद्यांचा पडदा जरासा सारला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. सगळं अगदी मनापासून, डोळे मिटून. रोशन मागे मोठी कात्री घेऊन उभा.

"हे शमीमाते," काका हात जोडून म्हणाले, "तुझ्या लेकरांच्या सणासाठी तुझ्या डहाळ्या नेतो आहे. राग मानू नकोस. परवानगी दे."

आता सुमैय्याने आवाज काढायचा होता. भुतासारखा घोगरा आवाज, तिने रात्री आरशासमोर घोटलेला! शौर्यने हसू येऊ नये म्हणून ओठ चावले.

"नाही," झाड म्हणालं.

रोशनच्या हातातली कात्री धप्पकन वाळूत पडली. "साब! जिन्न!" करत त्याने पिकअपकडे धूम ठोकली.

पण ईराला हसू आलं नाही. हा आवाज सुमैय्याचा नव्हता. तो घोगरा नव्हता, कापरा होता.

फांद्या बाजूला झाल्या आणि गणवेशातली गिरिजाताई बाहेर आली. तिच्या मागे सुमैय्या, तोंडावर हात दाबून.

"परवानगी नाही, बाबा," ताई म्हणाली. "हे झाड माझ्या ताब्यात आहे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "तू... तू इथे काम करतेस? हीच ती जागा?"

"सहा महिने म्हणतेय, एकदा बघायला या."

वारा आला आणि फांद्या सळसळल्या. काका वरमले, पण लगेच त्यांनी सावरून घेतलं. "बरं, झालं ते झालं. मला कुठे माहीत होतं? खलास, पुन्हा नाही येणार. तुझ्या त्या साहेबांना सांगून टाक, उंट होता म्हणून."

"उंट हळदकुंकू लावून खातो का, काका?" शौर्यने विचारलं.

एरवी काका रागावले असते. आज त्यांनी नुसतं ताटातल्या हळदकुंकवाकडे पाहिलं. ताईने त्यांचा हात धरला आणि एका तोडलेल्या फांदीच्या टोकावर ठेवला. तिथे डिंकाचा चिकट थेंब गोठला होता.

"तुम्ही जन्मलाही नव्हता तेव्हापासून उभं आहे हे, बाबा. उन्हात, वाळूच्या वादळात. त्याला कुणी पाणी घातलं नाही. आपण मात्र दर रविवारी त्याचे शेंडे नेले. उद्या मला विचारतील, आणि मी खोटं सांगणार नाही. मग गोदामात बसावं लागलं तरी बसेन."

काका त्या डिंकाच्या थेंबाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी कात्री उचलली आणि लेकीच्या हातात दिली.

"फोन लाव साहेबांना. मी बोलतो. तू नाही, मी."

सालेमसाहेब जीप घेऊन आले. उंच, पांढरी दाढी, अंगात कंदुरा म्हणजे इथला पांढराशुभ्र पायघोळ अंगरखा. जुन्या दुबईकरांसारखं त्यांना हिंदी छान येत होतं. काकांनी काहीही न लपवता सांगितलं, अगदी अक्षतांसकट. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आप ने पेड़ से पूछा," ते म्हणाले, "मेरी ऑफिसर से नहीं पूछा. क्यों?"

काकांनी मान खाली घातली.

"दंड होगा. कानून है."

"भरूँगा. लेकिन साहब, इसमें लड़की की गलती नहीं है."

"गलती?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "कल तक मैं सोचता था, लड़की ढीली है. आज उसने अपने बाप को रोका. ऐसी ऑफिसर को मैं छोड़ूँगा? कल जो आएँगे, उनको मैं खुद बताऊँगा." मग ते पोरांकडे वळले. "और ये तीन? चोर किसने पकड़ा?"

"ईराने!" सुमैय्या आणि शौर्य एकदम ओरडले.

ईराचे कान लाल झाले. साहेबांनी तिच्याशी मोठ्या माणसाशी करतात तसा हात मिळवला. "बड़ी होकर क्या बनेगी?"

ईराने एकदा ताईच्या मातीने भरलेल्या नखांकडे पाहिलं. "हेच," ती मराठीतच म्हणाली. साहेबांना अर्थ कळला असावा, कारण ते हसले. "इन्शाल्ला! गरमी बहुत है, हाँ."

त्या रात्री काकांनी मंडळातल्या एकेकाला स्वतः फोन करून चूक सांगितली. कुणी हसलं, कुणी कुरकुरलं. आईने फ्रिजमधली गुंडाळी बाहेर काढली. मग ईराला जवळ ओढून म्हणाली, "शहाणी आहेस गं. मला विचारायला सुचलंसुद्धा नाही, कुठून येतं ते."

तपासणी पार पडली आणि ताईच्या हातात कायमचं नेमणूकपत्र आलं. दसऱ्याला संध्याकाळी मंडळ वाळवंटात गेलं, पुढच्या फाटकातून, रीतसर परवानगी काढून. नऊवारीतल्या बायका, झब्ब्यातले पुरुष, सगळे वाळूत ओणवे होऊन घाफची रोपं लावत होते. लहान मुलांना ईरा खड्डा किती खोल घ्यायचा ते दाखवत होती.

सगळ्यात शेवटच्या रोपापाशी मुरलीधरकाका होते. झब्ब्याच्या बाह्या वर सारून मोठ्या प्रेमाने ते पाणी ओतत होते, ओततच होते.

"बाबा, पुरे!" लांबून गिरिजाताई ओरडली. "मुळं कुजतील!"

काकांनी चटकन कॅन उभा केला. आजूबाजूचे सगळे बघत होते. त्यांनी घाम पुसला, लेकीकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले,

"बरं, मॅडम."