हवेतून पाठवलेली राखण

"हा ड्रोन आयुष्यात पडणार नाय," हर्षद छाती काढून म्हणाला, आणि चौथ्या मिनिटाला ड्रोन भिकाजीबाबांच्या परड्यात नाक खुपसून पडला. पडता पडता त्याच्या पात्यांनी अळूची अख्खी रांग सपासप कापली.

"संध्याकाळच्या भाजीची सोय झाली रे बाबा," बाबांची बायको चंद्राबाई म्हणाली.

हर्षद पोलादपूरचा, पुण्याला जाऊन ड्रोन उडवायला शिकलेला. आंबेनळी घाटात दरड आली की वरच्या करंजवाडीची वाट आठ-आठ दिवस बंद पडते. गेल्या पावसात भिकाजीबाबा आणि चंद्राबाईची सून, दर्शना, साप चावून घरातच गेली. औषध होतं, पण खाली पोलादपुरात. म्हणून यंदा पावसाआधी ड्रोनने औषध आणायची चाचणी ठरली. सोमवारी ती बघायला सरकारी समिती वाडीत येणार होती. चाचणी पास झाली तर वाडीला औषध आणि हर्षदला कायमची नोकरी. नापास झाली तर ड्रोन परत, आणि हर्षद मामाच्या वडापावच्या गाडीवर.

सराव वाडीतल्या खळ्यावरूनच चालला होता. भिकाजीबाबा दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी जवळ आले.

"तुझा पंखा किती उचलतो रे?"

"पाच किलो, बाबा. का?"

कारण असं, की वाडीच्या वर काळ्या कातळाचं पठार, म्हणजे सडा, आणि सड्यावर वाडी राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड. दरवर्षी बाबा त्याला राखणीचा कोंबडा देत. चालत न्यायचा, दगडापाशी कापायचा. मुंडी त्याची, धड आपलं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. यंदा बाबांचे गुडघे गेले आणि राखण राहिली.

"कोंबडा म्हणजे ह्याला शेंगदाणा," हर्षद म्हणाला. "आता सगळं होम डिलिव्हरी असतं, बाबा."

"पण चालत न्यायचा असतो."

"देवाला काय, माल पोचल्याशी मतलब."

बाबांनी विडी संपेपर्यंत विचार केला. मग कोंबड्याला कुंकू लावलं, पाय बांधले, ड्रोनच्या डब्यात बसवलं आणि गाऱ्हाणं घातलं. आणणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, म्हणून हर्षदचं नाव घेतलं. हर्षदने त्याचा व्हिडिओ काढला.

स्क्रीनवर सडा दिसला, शेंदूर फासलेला दगड दिसला. हर्षदने डबा उघडायचं बटण दाबलं. डबा उघडला नाही. तीन सेकंद स्क्रीन काळी झाली. मग ड्रोन आपणहून वळला आणि खळ्यावर येऊन उतरला.

डब्यात कोंबड्याची मुंडी होती. डोळे उघडे. धड नव्हतं, पिसं नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता.

"पातं लागलं असंल," हर्षद म्हणाला. झाकणाची कडी बंद होती, हे त्यानेच आत्ता काढताना पाहिलं होतं.

बाबांनी मुंडी उचलून पाहिली. "मुंडी परत दिलान. ही नको त्याला."

दुसऱ्या दिवशी हर्षदने सडा टाळला. औषधाच्या बाटल्यांत पाणी भरून ड्रोन रस्त्यारस्त्याने खाली सोडला. परत आला तेव्हा बाटल्या नव्हत्या. शेजारच्या सहदेवच्या मोत्या कुत्र्याचं डोकं होतं.

सहदेव कोयता घेऊन धावून आला. त्याने हर्षदला खळ्याभोवती तीन फेऱ्या पळवला. पहिला वार कपड्यांच्या दोरीवर बसला, दुसरा चंद्राबाईच्या पाण्याच्या पिंपावर, तिसरा हर्षदच्या दंडाला चाटून गेला. रक्त आलं तसे दोघेही थांबले. मग सहदेवने मोत्याचं डोकं हातात घेतलं, मान उलटी करून पाहिली.

"असा काप माझ्या कोयत्याचा पण नाय पडत," तो म्हणाला, आणि कोयता तिथंच टाकून घरी गेला.

रविवारी वानराचं डोकं आलं. तेव्हा तर हर्षदने पात्यांभोवती लोखंडी जाळी बसवली होती.

"उद्या उडवू नको," बाबा म्हणाले. "मी रांगत जातो, दुसरा कोंबडा घेऊन. दोन दिस दे मला."

"समितीला काय सांगू? राखणदार रुसलाय?"

चंद्राबाई उंबऱ्यात बसली होती. "औषध येईल ना रे?" एवढंच तिने विचारलं.

"येणार, मावशी. शब्द देतो."

सोमवारी समितीची जीप आली. समितीच्या उज्ज्वला मॅडमनी घड्याळ लावलं. ड्रोन पोलादपूरला गेला, औषध घेऊन सतरा मिनिटांत परत आला. हर्षदने डोळे मिटून कडी काढली.

आत औषध होतं. थंडगार, बूच न हललेलं.

टाळ्या पडल्या. मॅडमनी सेल्फी घेतला. चंद्राबाईने बाटली छातीशी धरली आणि पहिल्यांदाच रडली. हर्षदने ड्रोनची बॅटरी काढून खिशात टाकली, जाळी सोडवली आणि डबा पुसायला वाकला.

पाती फिरली.

बॅटरी खिशातच होती.

कोणी ओरडलं नाही. आवाज झाला तो अगदी बारीक, अडकित्त्यात सुपारी कातरावी तसा.

ड्रोन उठला. डबा बंद होता, जड होता. जराही न हलता तो सड्याकडे सरळ गेला. हर्षदला त्याला इतका नीट कधीच उडवता आला नव्हता.

सहदेवने हर्षदवर पंचा टाकला. खांद्यांच्या वर तो सपाट पडला.

सगळे वर बघत थांबले. एक तास. दोन तास. ड्रोन परत आला नाही.

"ठेवून घेतलान," बाबा म्हणाले.

मॅडमनी अहवालात लिहिलं, औषध वेळेत पोचले. हर्षदचं जे उरलं ते चादरीत बांधून समितीच्याच जीपमधून पोलादपूरला न्यायला काढलं. आंबेनळीच्या तिसऱ्या वळणावर जीप पंक्चर झाली. स्टेपनीही पंक्चर होती.