पाचवा ‘का’

सकाळपासून नूतन गांगुर्डे खुर्चीत टेकली नव्हती. सिन्नरच्या त्या कारखान्यात नवजात बाळांच्या श्वासयंत्राच्या झडपा बनत आणि नूतन तिथली गुणवत्ता प्रमुख. भिंतीवरचा फलक मजेत हिरवा होता : ‘दोष शून्य, सलग ४१२ दिवस’. काल एका रुग्णालयात त्यांची एक झडप चिकटली, ही बातमी त्याला कोणी कळवली नव्हती. परिचारिका जवळ होती म्हणून जिवावरचं शेपटावर निभावलं.

कारण शोधायला ‘मूळशोध’ होता. कामगार दर तासाला आपलं यंत्र तपासून पडद्यावर हिरवी किंवा लाल खूण करत. त्या खुणा आणि सगळे कॅमेरे या प्रणालीला जोडलेले. दोषाला ‘का’ विचारायचं, उत्तराला पुन्हा ‘का’, असं पाचदा खोदलं की मूळ सापडतं, ही पद्धत जुनीच. पूर्वी त्यासाठी दहा माणसं आठवडाभर भांडत. मूळशोध मिनिटात उरकायचा.

झडप का चिकटली? कडेला रबराची चिंधी राहिली. का राहिली? कापणारं पातं बोथट होतं. तरी ते का चाललं? ‘पातं ठीक’ अशी हिरवी खूण होती. ती का पडली? पुष्पा बेंडकुळे यांनी पातं न बघता केली.

चारच ‘का’ झाले आणि नाव आलं. नाव आलं की थांबायचं, हा तिथला शिरस्ता. नाव सापडलं की बाकीच्यांना जेवण गोड लागतं.

“करा सही,” व्यवस्थापक कुलथे म्हणाले. “दोन वाजता रुग्णालयाची माणसं येतायत. तोवर बाई कामावरून कमी झालेली दिसली पाहिजे.”

“अकरा वर्षं आहे ती इथं, साहेब. घर तिच्यावर चालतं.”

“म्हणून बाळांचा श्वास अडू द्यायचा?”

कुलथे गेले. काचेपलीकडे बाकावर पुष्पा बसली होती, मांडीवरचा डबा न उघडलेला. नूतनने सहीसाठी बोट उचललं, खाली घेतलं, पुन्हा उचललं. शेवटी स्वतःवरच चिडून तिने पाचवा ‘का’ विचारला.

‘पातं बोथट असल्याची लाल खूण पुष्पा यांनी लागोपाठ तीनदा केली होती. दर वेळी काम थांबलं आणि काम थांबवल्याबद्दल त्यांचे गुण कापले गेले. तिसरी खूण ४१३ दिवसांपूर्वीची. त्यानंतर त्यांनी पातं बघणं सोडलं. गुण कापण्याचा नियम : नूतन गांगुर्डे.’

नूतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच नियमासाठी तिचा सत्कार झाला होता. ती शाल अजून कपाटात होती.

तिने पुष्पाला आत बोलावलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

“चूक माझी आहे, पुष्पाताई. मी सही करत नाही. साहेबांनाही हेच दाखवणार.”

पुष्पाने ते दोनदा वाचलं. तिची नोकरी वाचली होती, पण चेहरा काही सुटला नाही. दार नीट लागलंय का ते तिने पाहिलं.

“मॅडम, हा नियम काय माझ्या एकटीलाच होता का?”

“म्हणजे?”

“माझे गुण कापलेले सगळ्यांनी बघितले. तवापासून कोणीच लाल खूण करत नाय. बघायचं कशाला? बघितलं की दिसतं.”

नूतनची नजर फलकावर गेली. चारशे बारा. शेवटच्या लाल खुणेनंतरचा एकेक दिवस त्यात मोजलेला होता. रोजच्या दोन हजार झडपा, आणि त्या ठीक असल्याचा पुरावा म्हणजे याच खुणा. तिने फोन उचलला, पण आधी कोणत्या रुग्णालयाला लावावा तेच कळेना. जिन्यावर पाहुण्यांशी हसत बोलणारे कुलथे ऐकू येऊ लागले.

“मॅडम,” पुष्पाने विचारलं, “आत्ता या घडीला आपल्या झडपांवर किती लेकरं असतील?”